परदेशातील राजबंद्याच्या सुटकेसाठी मोहीम कशी चालवावी

सरकारविरुद्ध लिहिल्याबद्दल, बोलल्याबद्दल किंवा शांततेने संघटना बांधल्याबद्दल दूरच्या एखाद्या देशात कोणाला तरी पकडून नेले जाते, आणि बाहेरच्या देशांत राहणाऱ्या त्याच्या नातलगांना, सहकाऱ्यांना किंवा केवळ त्याचे लिखाण वाचलेल्या माणसांना प्रश्न पडतो की आपण इतक्या लांबून काय करणार. बरेच काही करता येते, याचे दाखले आहेत. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील कामगार नेते हुलिओ दे पेन्या वाल्देस यांना १९७५ मध्ये तळघरातल्या कोठडीत विवस्त्र ठेवले होते. नंतर त्यांनी सांगितले की, बाहेरच्या अनोळखी लोकांची पहिली दोनशे पत्रे आली तेव्हा पहारेकऱ्यांनी त्यांचे कपडे परत दिले. आणखी दोनशे आली तेव्हा तुरुंगाचा प्रमुख स्वतः भेटायला आला. पत्रे तीन हजारांवर गेली तेव्हा बातमी राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचली आणि सुटकेचा हुकूम निघाला. उलट, २०१० चे नोबेल शांतता पारितोषिक मिळूनही चीनचे विरोधक लेखक लिऊ शियाओबो १३ जुलै २०१७ रोजी कैदेत असतानाच वारले. मोहिमेत उतरणाऱ्याने या दोन्ही गोष्टी मनात धराव्यात, आणि प्रत्येक पावलाआधी एकच प्रश्न विचारावा: याने आत बसलेल्या माणसाचे काय होईल? पुढे जे सांगितले आहे ते सारे या प्रश्नाभोवतीच आहे.

आधी संमती

मोहिमेचे पहिले काम जाहीर नसते. कैद्याच्या जवळच्या कुटुंबीयांची आणि शक्य असल्यास वकिलामार्फत खुद्द कैद्याची संमती घेणे, हे ते काम होय. अनेक विरोधक अटकेची शक्यता ओळखून आधीच सांगून ठेवतात की आपल्याला नेले तर गप्प बसावे की बोलावे, कोणी बोलावे, कोणता वकील द्यावा. असे काही सांगून ठेवले आहे का, याची चौकशी सर्वांत आधी करावी. कुटुंबात एकमत असतेच असे नाही. परदेशात राहणाऱ्या पत्नीला जगाला ओरडून सांगावेसे वाटते, तर त्याच देशात राहणारे आईवडील उरलेल्या मुलांच्या काळजीने गप्प असतात. अशा वेळी बाहेरच्यांनी पंच होऊ नये; जो सर्वांत अधिक धोक्यात आहे त्याच्या शब्दाला अधिक वजन द्यावे.

पोलीस बहुतेक वेळा कुटुंबाला सांगतात, "वाच्यता करू नका, काही दिवसांत सोडून देऊ." कुटुंब त्यावर विश्वास ठेवते, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र त्यांच्याशी बोलून एक मुदत ठरवून घ्यावी: अमुक तारखेपर्यंत वकिलाला भेटू दिले नाही, किंवा कोठे ठेवले आहे हे कळवले नाही, तर नाव जाहीर करायचे. मुदत ठरली की गप्प राहण्यालाही काही अर्थ येतो. नाही तर दिवस जात राहतात आणि माणूस विस्मरणात जातो. माणूस बेपत्ता असेल, ताब्यात असल्याचे अधिकारी नाकारत असतील, छळाची भीती असेल, तर मात्र थांबण्यात फायदा क्वचितच असतो. १९७३ मध्ये ब्राझीलमध्ये पकडलेले प्राध्यापक लुईस बाझिलिओ रोसी यांच्यासाठी ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने, लोकांनी ताबडतोब पत्रे पाठवावीत असे आपले पहिले तातडीचे आवाहन काढले. आपले प्रकरण बाहेर फुटल्याचे कळले तेव्हाच आता आपल्याला मारून टाकता येणार नाही हे आपण ओळखले, असे रोसी पुढे सांगत.

कुटुंबाशी बोलताना त्यांचा फोन ऐकला जात आहे असेच धरून चालावे. कूटबद्ध संदेशांची अॅप वापरावीत, पण फोनच पोलिसांच्या हातात गेला तर त्यांचा काही उपयोग नसतो, म्हणून संदेश आपोआप पुसले जातील अशी सोय करावी आणि नावांची, पत्त्यांची देवाणघेवाण टाळावी. पैशांच्या बाबतीत तर अधिकच जपावे. परदेशातून आलेली मदत हाच काही देशांत नवा गुन्हा ठरतो. बेलारूसमध्ये राजकीय कैद्यांच्या कुटुंबांना खाण्यापिण्याची पाकिटे पाठवणाऱ्यांवरही २०२४ च्या जानेवारीत छापे पडले. त्या देशाचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारल्याशिवाय, कितीही कळवळा असला तरी, एक पैसाही पाठवू नये.

माहितीची वही

मोहिमेचा कणा म्हणजे एक नीट ठेवलेली फाइल. तिच्यात प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणी सांगितली आणि कधी सांगितली हे लिहिलेले असावे, आणि प्रत्यक्ष पाहिलेले, ऐकलेले व अनुमान यांचे रकाने वेगळे असावेत. "पहाटे चारच्या सुमारास सहा साध्या वेशातील माणसे आली, वॉरंट दाखवले नाही, दोन फोन व एक लॅपटॉप नेला, पावती दिली नाही, हे पत्नीने पाहिले, त्याच संध्याकाळी सांगितले." एवढ्या चार ओळी "त्यांना अमानुषपणे उचलून नेले" या वाक्यापेक्षा कितीतरी कामाच्या असतात, कारण पुढे संयुक्त राष्ट्रांच्या प्रश्नावलीत नेमके हेच विचारले जाते: तारीख, जागा, कोणत्या दलाने पकडले, हुकूम दाखवला का, कोणत्या कलमाखाली.

नावाकडे विशेष लक्ष द्यावे. अरबी, फारसी, चिनी किंवा रशियन नाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहिले जाते, आणि चार संघटनांनी चार रूपे वापरली की शोधणाऱ्याला ते चार वेगळे कैदी वाटतात. पारपत्रावरचे रूप, मूळ लिपीतले रूप आणि वडिलांचे नाव फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे व सर्वांनी तेच वापरावे. आरोपाचे कलम मूळ भाषेत उतरवून त्याखाली भाषांतर द्यावे. "देशद्रोह", "राज्यसत्ता उलथवण्यास चिथावणी" आणि "खोटी बातमी पसरवणे" हे तीन वेगळे गुन्हे आहेत आणि त्यांच्या शिक्षाही वेगळ्या आहेत.

एका मोहिमेत आमच्या हातून झालेली चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. पत्रकासाठी आम्ही कैद्याचे एक हसरे, घरगुती छायाचित्र निवडले. त्याच्या मागे, दाराच्या चौकटीत, त्याचा एक चुलतभाऊ अर्धवट दिसत होता. आमच्यापैकी कोणाचेही तिकडे लक्ष गेले नाही, पोलिसांचे गेले. त्या मुलाला दोन दिवस चौकशीला बसवून ठेवले. तेव्हापासून कोणतेही छायाचित्र बाहेर जाण्यापूर्वी, प्रकरणाशी संबंध नसलेल्या एका माणसाला ते दाखवून "यात तुला काय काय दिसते?" असे विचारायचा नेम आम्ही केला आहे. मागची माणसे, घराचा क्रमांक, गाडीची पाटी, भिंतीवरची दिनदर्शिका, सारे त्यात येते.

फाइलमध्ये कैद्याची जुनी वक्तव्येही, नको असलेलीसुद्धा, जमा करावीत. हे काम जिवावर येते, पण ते न करणाऱ्या मोहिमा पुढे तोंडघशी पडतात. केवळ आपल्या मतांसाठी तुरुंगात गेलेल्याला ॲम्नेस्टी 'सदसद्विवेकाचा कैदी' म्हणते, पण अहिंसेवर ठाम नसलेल्याला तसे म्हणायचे नाही या नियमामुळे ॲम्नेस्टीने १९६४ मध्ये नेल्सन मंडेला यांना त्या यादीत ठेवले नाही. रशियातील विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या जुन्या वक्तव्यांवरून २०२१ च्या फेब्रुवारीत त्याच संघटनेने त्यांची ती ओळख काढून घेतली आणि मे महिन्यात ती परत दिली. मधल्या काळात चर्चा तुरुंगाची न होता त्या वक्तव्यांचीच होत राहिली. जुने शब्द अवघड असतील तर ते लपवू नयेत. विचारणा होईल तेव्हा द्यायचे उत्तर आधीच, कुटुंबाच्या सहमतीने, लिहून ठेवावे.

किल्ली कोणाकडे आहे

"सरकारने सोडावे" या मागणीत सरकार म्हणजे कोण, हे शोधणे मोहिमेचे सर्वांत कठीण आणि सर्वांत फलदायी काम आहे. काही देशांत सरकारी वकील आरोप मागे घेऊ शकतो, काही ठिकाणी माफीचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे किंवा राजाकडे असतो, आणि काही ठिकाणी गुप्तचर यंत्रणेचा शब्द न्यायमंत्र्यापेक्षा मोठा असतो. निर्णय घेणारा माणूस कोण, त्याचे कोण ऐकतो, तो कोणाचे ऐकतो, आणि सध्या त्याला जगाकडून काय हवे आहे, या चार प्रश्नांची उत्तरे एका कागदावर मांडावीत. व्यापारी करार, मोठे कर्ज, एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे अध्यक्षपद, क्रीडास्पर्धेचे यजमानपद, राष्ट्रप्रमुखाची भेट: यांपैकी काहीतरी जवळ आलेले असते, आणि त्या काळात ऐकण्याची तयारी थोडी वाढलेली असते. २००० च्या ऑलिंपिकचे यजमानपद कोणाला द्यायचे याचा निर्णय सप्टेंबर १९९३ मध्ये व्हायचा होता. बीजिंग शर्यतीत होते आणि निर्णयाच्या काही दिवस आधी लोकशाहीची मागणी केल्याबद्दल कैदेत असलेले वेई जिंगशेंग यांना सोडण्यात आले. यजमानपद सिडनीला गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा पकडले. संधी साधावी, पण संधी सरल्यावर काय होईल याचाही विचार त्याच बैठकीत करावा.

कधी कधी अटकेचे कागदावरचे कारण आणि खरे कारण यांचा काही संबंध नसतो. ब्रिटिश-इराणी नाझनीन झघारी-रॅटक्लिफ यांना ३ एप्रिल २०१६ रोजी तेहरान विमानतळावर पकडले आणि सरकार उलथवण्याच्या कटाचा आरोप ठेवला. पण प्रकरणाच्या मुळाशी १९७० च्या दशकात इराणने रणगाड्यांसाठी आगाऊ भरलेली आणि ब्रिटनने परत न केलेली रक्कम होती. त्यांचे पती रिचर्ड यांनी वर्षानुवर्षे हे बोलत राहून आपल्याच सरकारला त्या देण्याकडे कानाडोळा करू दिला नाही. सुमारे ४० कोटी पौंड चुकते झाले आणि १६ मार्च २०२२ रोजी नाझनीन सुटल्या. त्या मोहिमेचा रोख जितका तेहरानकडे होता तितकाच लंडनकडे होता, आणि माझ्या मते यातच तिचे शहाणपण होते.

मागणी स्पष्ट ठेवावी: तत्काळ आणि बिनशर्त सुटका. तिच्याबरोबर लहान मागण्यांची एक शिडीही असावी, जसे की कुटुंबाची भेट, पसंतीचा वकील, विश्वासातला डॉक्टर, पुस्तके, एकांत कोठडीतून बाहेर काढणे. कैद्यांना द्यावयाच्या वागणुकीविषयी संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये सुधारून स्वीकारलेल्या, मंडेला नियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियमांत सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांत कोठडी निषिद्ध आहे. हा नियम पत्रात क्रमांकासह लिहिला तर तुरुंगाधिकाऱ्याला नाही म्हणणे जड जाते. चष्मा मिळाला, औषध मिळाले, आईला दहा मिनिटे भेटता आले, यांपैकी कोणतीही गोष्ट आतल्या माणसासाठी लहान नसते.

अधिकाऱ्याला पत्र

सह्यांच्या मोठ्या निवेदनापेक्षा वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेली पत्रे अधिक परिणाम करतात, कारण प्रत्येक पत्र कोणाला तरी उघडावे, नोंदवावे आणि पुढे पाठवावे लागते. पत्र एका पानाचे, आदरयुक्त आणि एका मागणीचे असावे. अपमान, धमकी, त्या देशाच्या संस्कृतीवर किंवा धर्मावर शेरे यांतले काहीही नसावे. आपल्या पक्षाचे राजकारणही त्यात आणू नये. नमुना असा:

"माननीय न्यायमंत्री महोदय, मी शाळेत इतिहास शिकवते. आपल्या देशातील लेखिका (नाव) यांना (तारीख) पासून (तुरुंगाचे नाव) येथे ठेवण्यात आल्याचे कळल्यावरून हे पत्र लिहीत आहे. त्यांच्यावरील आरोप त्यांनी प्रसिद्ध केलेल्या दोन लेखांवर आधारलेला आहे, आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आपल्या राज्यघटनेच्या कलम (क्रमांक) ने दिलेले आहे. त्यांना मधुमेह असून गेल्या (इतक्या) आठवड्यांत त्यांची वैद्यकीय तपासणी झालेली नाही, असे त्यांचे कुटुंबीय सांगतात. त्यांची तत्काळ व बिनशर्त सुटका करावी, आणि तोपर्यंत त्यांना योग्य उपचार मिळतील असे पाहावे, अशी मी आपणास विनंती करते. आपल्या उत्तराची वाट पाहत आहे."

यात तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. लिहिणारी कोण आहे हे पहिल्याच वाक्यात आले आहे, कारण शिक्षिकेचे, परिचारिकेचे किंवा दुकानदाराचे पत्र संघटनेच्या पत्रासारखे वाटत नाही. दुसरे, आधार त्या देशाच्या स्वतःच्या घटनेचा घेतला आहे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या करारावर चीनने १९९८ मध्ये सही केली, पण त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. तिकडे लिहिताना त्यांच्याच घटनेतील भाषणस्वातंत्र्याच्या कलम ३५ ची आठवण करून देणे अधिक बिनतोड ठरते. आणि आजाराचा उल्लेख कुटुंबाने परवानगी दिली असेल तरच करावा.

पत्रे नोंदणीकृत टपालाने पाठवावीत आणि पावत्या जपून ठेवाव्यात. न उघडता परत आलेली पाकिटेही टाकून देऊ नयेत. शिक्का मारलेल्या शंभर परत पाकिटांचा गठ्ठा पत्रकार परिषदेत टेबलावर ठेवता येतो, आणि वकिलातीने निवेदन स्वीकारले नाही तर तिच्या दारात पाकीट ठेवतानाचे छायाचित्रही तेच काम करते. सर्व पत्रे एकदम न पाठवता दर आठवड्याला थोडी पाठवावीत. एकदा आलेली लाट ओसरते हे अधिकाऱ्यांना ठाऊक असते.

संयुक्त राष्ट्रांचा मार्ग

हा मार्ग वकिलांसाठीच आहे असे समजून अनेक कुटुंबे त्याच्याकडे वळत नाहीत, हे दुर्दैव आहे. मनमानी स्थानबद्धतेविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा कार्यगट १९९१ मध्ये स्थापन झाला. त्यात पाच स्वतंत्र तज्ज्ञ असतात आणि त्याच्याकडे कैदी स्वतः, कुटुंब किंवा संघटना अर्ज करू शकते. शुल्क नाही, आणि देशातली सर्व न्यायालये पालथी घातलेली असण्याचीही अट नाही. प्रश्नावली ठरलेली आहे आणि फाइल वर सांगितल्याप्रमाणे ठेवली असेल तर ती भरायला फार दिवस लागत नाहीत. कैदेला कायद्याचा काही आधारच नाही, कैद एखादा हक्क बजावल्याबद्दल आहे, खटला अन्यायकारक आहे, आश्रय मागणाऱ्यांना दाद न मिळता डांबून ठेवले आहे, किंवा भेदभावातून पकडले आहे, अशा पाच प्रकारांपैकी आपले प्रकरण कोणत्या प्रकारांत बसते ते अर्जात सांगावे. राजबंद्याचे प्रकरण बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात बसते.

कार्यगट सरकारला उत्तरासाठी ६० दिवस देतो. सरकारला आणखी महिनाभराची मुदत मागता येते. आलेले उत्तर अर्जदाराला दाखवून त्यावर म्हणणे मागवले जाते आणि मग अभिप्राय प्रसिद्ध होतो. जिवाला धोका असेल तर वेगळे तातडीचे आवाहनही करता येते. अभिप्रायाने तुरुंगाचे दार उघडत नाही, कारण तो अमलात आणण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. पण "आमच्या मते ही कैद अन्यायाची आहे" आणि "संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी ही कैद मनमानी ठरवली आहे" या दोन वाक्यांत खासदाराच्या, संपादकाच्या आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. ब्रिटनचेही नागरिक असलेले इजिप्तचे कार्यकर्ते आला अब्द अल-फत्ताह यांच्याबाबत असा अभिप्राय २०२५ च्या मे महिन्यात आला. सप्टेंबरमध्ये त्यांना माफी मिळाली. मधल्या काळात त्यांच्या वृद्ध आईचे दीर्घ उपोषण आणि ब्रिटनचे प्रयत्नही चालू होते, त्यामुळे श्रेय कोणा एकाला देता येत नाही. जाता जाता एवढेच सांगतो की कुटुंबातले कोणी उपोषणाला बसायचे ठरवले तर त्यांच्याबरोबर डॉक्टर असावा. पण मोहिमेने त्यांना तसे कधीही सुचवू नये.

कार्यगटाखेरीज छळ, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि मानवी हक्करक्षक अशा विषयांवरचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ, आहेत. त्यांनी सरकारला लिहिलेली पत्रे सर्वसाधारणपणे ६० दिवस गोपनीय राहतात आणि मग खुली होतात; तोपर्यंत मोहिमेनेही त्यांचा गाजावाजा करू नये.

आपले सरकार, आपले खासदार

कैदी आपल्या देशाचा नागरिक असेल तर वाणिज्य दूतांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे वाणिज्य दूताला त्याला भेटण्याचा हक्क आहे. तो दुहेरी नागरिक असेल तर अडचण येते, कारण इराणसारखे देश दुसरे नागरिकत्व मानतच नाहीत. बहुतेक राजबंदी मात्र ज्या देशाने पकडले त्याच देशाचे नागरिक असतात. तरीही परदेशी दूतावास खटल्याला हजर राहण्याची परवानगी मागू शकतो, आणि ती नाकारली तरी न्यायालयाबाहेर उभा राहू शकतो. २००९ च्या डिसेंबरात लिऊ शियाओबो यांच्या खटल्याच्या वेळी अनेक देशांचे राजनैतिक अधिकारी बीजिंगच्या थंडीत न्यायालयाबाहेर असेच उभे होते. सुनावणीची तारीख कळताच दूतावासांना लेखी कळवणे हे मोहिमेचे काम आहे. बहुतेकदा त्यांना ती ठाऊकच नसते.

खासदाराकडे जाताना भाषण घेऊन जाऊ नये, तयार प्रश्न घेऊन जावा. "परराष्ट्रमंत्र्यांनी हे प्रकरण शेवटचे कधी, कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत मांडले?" या प्रश्नाचे लेखी उत्तर संसदेच्या नोंदीत राहते, आणि तीन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो. युरोपातील अनेक खासदारांनी बेलारूसमधल्या एकेका कैद्याचे 'पालकत्व' घेतले आणि त्याच्या नावाने पत्रे लिहिणे, सुनावण्यांची विचारपूस करणे चालू ठेवले. अशी एका खासदाराची एका नावाशी बांधिलकी सभागृहाच्या ठरावापेक्षाही टिकाऊ असते, असा माझा अनुभव आहे. कैदी लेखक असेल तर पेन इंटरनॅशनल, पत्रकार असेल तर पत्रकार संरक्षण समिती, प्राध्यापक असेल तर धोक्यातील विद्वानांसाठी काम करणाऱ्या संघटना, खासदार असेल तर आंतर-संसदीय संघाची मानवी हक्क समिती, अशी त्या त्या व्यवसायाची दारेही ठोठावावीत.

मंत्र्यांना आणि खासदारांना माहिती देताना काय बोलू नये हेही लिहून द्यावे. २०१७ च्या नोव्हेंबरात ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन संसदीय समितीपुढे म्हणाले की नाझनीन इराणमध्ये लोकांना पत्रकारिता शिकवत होत्या. त्या तर सुटीवर, आईवडिलांना भेटायला गेल्या होत्या. चारच दिवसांत त्यांना पुन्हा न्यायालयापुढे उभे करून ते वाक्य पुरावा म्हणून दाखवण्यात आले. बाहेर उच्चारलेले एक वाक्य आत कसे पोचते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

प्रसिद्धी

एकच प्रवक्ता, एकच छायाचित्र, एका वाक्यात ओळख. बातमीला निमित्त लागते, म्हणून वाढदिवस, अटकेचे शंभर दिवस, सुनावणी, १५ नोव्हेंबरचा तुरुंगातील लेखकांचा दिवस, १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन अशा तारखांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच करावी. कैद्याला केवळ पीडित म्हणून रंगवू नये. तो काय लिहीत होता, काय मागत होता, हे लोकांना कळले पाहिजे. न पडताळलेली बातमी, विशेषतः छळाची किंवा प्रकृतीची, कितीही दबाव आला तरी देऊ नये, कारण एक बातमी खोटी ठरली की सरकार उरलेल्या शंभर खऱ्या गोष्टीही खोट्या म्हणू लागते.

कैद्याला पत्र

कैद्याला लिहिलेले पत्र आधी सेन्सॉर वाचतो. म्हणून त्यात खटल्याची चर्चा, मोहिमेची माहिती, तिसऱ्या कोणाचे नाव नसावे, आणि ते शक्यतो त्या देशाच्या भाषेत असावे. कित्येक तुरुंगांत परक्या भाषेतली पत्रे तशीच पडून राहतात. मग लिहायचे काय, असा प्रश्न प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला पडतो. खिडकीबाहेर काय दिसते ते लिहावे. आमच्या गटातील एक बाई दर महिन्याला एकाच झाडाविषयी लिहीत: या महिन्यात पाने गळली, या महिन्यात फांदीवर घरटे दिसले, आज पिल्ले उडून गेली. पत्रांना क्रमांक घालावेत, म्हणजे मधले एखादे अडवले गेले तर कैद्याच्या लक्षात येते. उत्तराची अपेक्षा ठेवू नये आणि "धीर सोडू नका" असा उपदेशही करू नये. धीर त्याने आपल्यापेक्षा कितीतरी अधिक धरलेला असतो.

लांबलेली वर्षे आणि सुटका

सोव्हिएत संघातील विरोधक नातान शारान्स्की १९७७ मध्ये पकडले गेले आणि ११ फेब्रुवारी १९८६ रोजी पूर्व जर्मनी व पश्चिम बर्लिन यांना जोडणाऱ्या ग्लिनिके पुलावरून बाहेर आले. त्यांची पत्नी आविताल त्या सगळ्या वर्षांत देशोदेशी फिरत होती. इतक्या लांबच्या कामासाठी माणसे राखावी लागतात: कामे वाटून घ्यावीत, कुटुंबाशी बोलणाऱ्याला मधूनमधून विश्रांती द्यावी, आणि फाइलची प्रत किमान दोघांकडे असावी.

सुटका बऱ्याचदा अर्धवट असते. सौदी अरेबियाचे ब्लॉगलेखक रैफ बदावी दहा वर्षांची शिक्षा भोगून मार्च २०२२ मध्ये बाहेर आले, पण पुढची दहा वर्षे देश सोडण्यास त्यांना बंदी आहे आणि पत्नी व मुले कॅनडात आहेत. १ ऑगस्ट २०२४ रोजी रशिया आणि पाश्चात्त्य देशांत झालेल्या कैद्यांच्या अदलाबदलीत रशियन विरोधक व्लादिमिर कारा-मुर्झा आणि इतर सुटले, पण मायदेशातून बाहेर काढले जाऊनच. म्हणून सुटकेची बातमी आल्याबरोबर जल्लोषाचे पत्रक काढू नये. तो माणूस विमानात बसला आहे का, अटी काय आहेत, आणि त्याला स्वतःला आता बोलायचे आहे का, हे आधी विचारावे. पहिले काही दिवस त्याला डॉक्टर, झोप आणि घरची माणसे मिळू द्यावीत, आणि पत्रकारांना तसे स्पष्ट सांगावे.

त्यानंतर दोन पत्रे लिहायची राहतात. एक त्या सर्वांना, ज्यांनी पाकिटांवर तिकिटे चिकटवली. दुसरे त्या अधिकाऱ्याला, ज्याच्या सहीने दार उघडले: मोजक्या शब्दांत आभाराचे, आणि त्याच परिच्छेदात त्याच तुरुंगात अजून असलेल्या पुढच्या कैद्याचे नाव, पारपत्रावर आहे तसे, नीट लिहिलेले.